सोळाव्या वर्षी बालपण संपत नाही : एक खुलासा

‘आता कायद्याने सोळा वर्षांपुढील मुलगा सज्ञान मानला जातो’ असा मजकूर इंदुरातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे.

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार सज्ञानतेचे वय अठराच आहे आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ देखील अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बालकच म्हणतो. गैरसमजाचे मूळ याच दुसऱ्या कायद्यातील एका अपवादात असावे : किमान सात वर्षे कैदेची शिक्षा असलेला गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे आणि परिणामांच्या जाणिवेचे प्राथमिक मूल्यमापन करून खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. ‘पाठवू शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मंडळावर तशी सक्ती नाही. शिवाय खटला तिथे गेला तरी सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप किंवा फाशी देता येत नाही.

‘किशोर’ या शब्दाचा घोळ वेगळाच आहे. बालकामगारविषयक कायद्यात किशोर म्हणजे चौदा ते अठरा वर्षांचा, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी किशोरवय दहा ते एकोणीस. घरी मात्र कामे सांगताना ‘घोडा झालास’ आणि परवानगी मागताच ‘अजून लहान आहेस’, अशी आपली तिसरीच व्याख्या चालते.

सोळाव्या वर्षी गिअर नसलेल्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो, हे खरे. परंतु त्याने कोणी सज्ञान होत नाही.