मोठी फाइल डिलीट केली की टॅली बरी होत नाही

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला मामांचा फोन आला. "अगं पोरी, टॅलीत कायच दिसंना झालंय. मेसेजमध्ये सांगितलं तसंच केलं बघ मी."

मामांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानसं मशिन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक मिलिंग. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशिनिंग होऊन परत जातं. आदल्या संध्याकाळी जोराचा पाऊस होता, बिल सेव्ह करता करता लाइट गेली, आणि यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच बसली होती. सकाळी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कंपनी (एका धंद्याच्या हिशेबाला टॅलीत असं म्हणतात) उघडताना एरर आली. नेमका त्याच वेळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरत होता, "टॅली स्लो? डेटा करप्ट? पैसे घालवू नका, ५ सोपे उपाय" म्हणून. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी सांगते, उपाय असे आहेत. एक, डेटा १ जीबीच्या वर गेला की करप्ट होतोच, म्हणून नवी कंपनी काढून ओपनिंग बॅलन्स टाका आणि जुनी डिलीट करा. दोन, एरर आली की डेटा फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या फाइली डिलीट करा, टॅली त्या नव्याने बनवते. मग रिसायकल बिनही रिकामी करा. तीन, रोज रात्री डेटा रीराइट करा, मग बॅकअपची गरज नाही. चार, डेटा पेनड्राइव्हवर ठेवूनच काम करा. पाच, अँटीव्हायरस काढून टाका.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि उद्यमनगर मिळून अकरा जणांचे हिशेब मी बघते, वीस वर्षं झाली. त्यातल्या सात जणांनी हा मेसेज मला पाठवून "असं करू का?" म्हणून विचारलं. त्यांनी विचारलं तरी. मामांनी विचारलं नाही, आणि आपलीच भाची हे काम करते म्हटल्यावर मला त्याचा जास्त राग आला.

आधी दुसऱ्या उपायाबद्दल, कारण नुकसान त्याने झालं.

टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचं १०००० सारख्या आकड्यांचं एक फोल्डर असतं. त्यात बऱ्याच फाइली असतात आणि त्यांची नावं वाचून सामान्य माणसाला काही बोध होत नाही. मोठ्या असतात त्या का मोठ्या असतात? कारण तुमचा धंदा त्यांच्यात असतो. ट्रॅनएमजीआर नावाची जी फाइल आहे, तिच्यात व्हाउचर असतात: विक्री, खरेदी, जमा, नावे, सगळं. जुन्या भाषेत ती तुमची रोजकीर्द. मास्टर्सची फाइल म्हणजे खात्यांची यादी. रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हा लिहिता येते, वहीची अनुक्रमणिका फाटली तर पानं चाळून तीही पुन्हा करता येते. पण रोजकीर्दच बंबात घातली तर खतावणी लिहिणार कशावरून?

यात अर्धं खरं काय आहे तेही सांगते, कारण तेवढ्यावरच लोक फसतात. टॅली काही किरकोळ फाइली खरंच स्वतः पुन्हा तयार करते, आणि जाणकार माणूस बॅकअप घेऊन त्यातली एखादी बाजूला काढून बघतो. मीही केलंय. पण बाजूला काढायची म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची, डिलीट करायची नाही. आणि कुठली हलवायची हे फाइल किती मोठी आहे ते बघून ठरत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ते अर्धं वाक्य उचललं आणि "सगळ्यात मोठी" हे पदरचं घातलं.

मामांनी तीन फाइली उडवल्या. जागा मोकळी व्हावी म्हणून रिसायकल बिन रिकामी केली. मग टॅली नव्या फाइली बनवेल म्हणून खुर्चीत बसून दीड तास वाट बघितली. मी पोचले तेव्हा ते चहा न पिता स्क्रीनकडे बघत बसले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाने संध्याकाळपर्यंत खटपट करून दोन फाइली परत आणल्या, पण त्या टॅलीने वाचल्या नाहीत. शेवटचा बॅकअप दिवाळीच्या पाडव्याचा. वहीपूजनाला पेनड्राइव्ह पूजेत ठेवायचा म्हणून घेतलेला. म्हणजे साडेआठ महिने गेले, आणि मार्चअखेरचं खातं अजून सीएंकडे जायचं होतं.

चार रात्री बसून आम्ही ते सगळं परत उभं केलं. विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ मधून, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रातून मिळाली, पण त्यात बिल नंबर, तारीख, रक्कम आणि कर एवढंच. कुठला जॉब, किती नग, हे बिलबुकांच्या कार्बन कॉपीवरून लिहावं लागलं. खरेदी जीएसटीआर-२बी मधून काढली, पोर्टलवर खरेदीची जी यादी तयार होते तिच्यातून. बँकेचं स्टेटमेंट होतं. बिल नंबरांनी वेगळा त्रास दिला. नंबरिंग ऑटोमॅटिकवर होतं, त्यामुळे मध्ये एक बिल राहिलं की पुढचे सगळे नंबर एकाने मागे सरकत आणि पोर्टलवर भरलेल्याशी जुळत नसत. शेवटी नंबरिंग मॅन्युअलवर टाकून एकेक नंबर हाताने घातला.

पण कामगारांची उचल कुठल्याच पोर्टलवर नसते. सहा कामगार. उचलीची वही मामांनी दोन वर्षांपूर्वी बंद केली होती, "आता टॅलीतच आहे की" म्हणून. शनिवारी पगाराला एकेकाला बोलावून विचारलं. लेथवरच्या माणसाने स्वतःहून सांगितलं, "मालक, जूनमध्ये पोरीच्या शाळेसाठी चार हजार घेतलेत, त्याआधी दोन." मामांनी मान हलवली आणि मी लिहिलं. तो खोटं बोलला असता तरी आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता, आणि मामांची आठवण चुकली असती तर त्या गरिबाकडेही नव्हता. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान या सहा माणसांचा विचार करावा.

आता पहिला उपाय, जुनी कंपनी डिलीट करा म्हणतात तो. १ जीबीचा आकडा कुठून काढला कोण जाणे. माझ्याकडच्या एका होलसेल दुकानाचा डेटा त्याच्या पुढे गेलाय आणि तो रोज चालतो. डेटा मोठा झाला की टॅली संथ होते, हे खरं. पण संथ होणं वेगळं आणि करप्ट होणं वेगळं. करप्ट होण्याची कारणं मी पाहिलेली बहुतेक हीच: सेव्ह होताना लाइट जाणं, दोन-तीन मशिनवर काम चालू असताना नेटवर्क तुटणं, हार्ड डिस्क खराब होणं, व्हायरस.

आणि जुनी कंपनी डिलीट करणं हा नुसता मूर्खपणा नाही, तो कायद्यातही बसत नाही. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ चं कलम ३६ बघा. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची जी अंतिम तारीख असते, तिथून ७२ महिने हिशेब जपून ठेवायचे. २०२३-२४ चं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होतं, म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत तुमच्याजवळ पाहिजेत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही पुढे. त्याच्या नियमांतला नियम ५६ म्हणतो की नोंद खोडायची नाही, आणि हिशेब कॉम्प्युटरवर असतील तर बदललेल्या व काढलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. नियम ५७ सांगतो की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत माहिती परत उभी करता येईल, असा बॅकअप ठेवायचा. हे जीएसटी नंबर असलेल्या प्रत्येकाला लागू आहे. प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना तर कंपनी कायद्याने ८ वर्षांचे हिशेब ठेवावे लागतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची आपोआप होणारी नोंदही सक्तीची आहे. अधिकाऱ्यापुढे "ग्रुपवर मेसेज आला होता" हे उत्तर देऊन बघा.

मोठ्या डेटासाठी टॅलीत स्प्लिटची, म्हणजे डेटाचे दोन भाग करायची सोय आहे. प्राइममध्ये, म्हणजे नव्या टॅलीत, ऑल्ट + वाय दाबलं की डेटाच्या यादीत ती दिसते. आधी बॅकअप, मग व्हेरिफाय. त्यात पेंडिंग खरेदी-विक्री बिलं किंवा फॉरेक्सचा (परकीय चलनाचा) न जुळलेला फरक दाखवला तर तो निस्तरायचा, मग तारीख देऊन स्प्लिट. मूळ कंपनी जशीच्या तशी राहते आणि दोन नव्या तयार होतात. कुणाकडून किती येणं आहे ते बिलवार पुढे येतं. हाताने ओपनिंग बॅलन्स टाकताना लोक पार्टीची एकच ढोबळ रक्कम टाकतात आणि पुढे सहा महिने कुठलं बिल आलं, कुठलं राहिलं यावरून भांडतात. अर्थात कित्येकदा स्प्लिटचीही गरज नसते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी फरक पडतो. लक्ष्मीपुरीतल्या एका धान्य दुकानात आम्ही एवढंच केलं.

तिसरा उपाय, रोजचं रीराइट. रीराइट म्हणजे जुन्या टॅलीत कंट्रोल + ऑल्ट + आर आणि प्राइममध्ये रिपेअर. हे औषध आहे, पण रोज घ्यायचं नाही. जी नोंद वाचता येते ती टॅली पुन्हा नीट लिहिते, जी वाचताच येत नाही ती गळते. आणि हे चालू असताना लाइट गेली तर आधी बरा असलेला डेटाही बिघडतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचा काय भरवसा? गरज पडली तर आधी कंपनी फोल्डरची कॉपी दुसरीकडे ठेवायची, स्टॅटिस्टिक्स उघडून कुठल्या प्रकारची किती व्हाउचर आहेत ते लिहून घ्यायचं, ट्रायल बॅलन्सची (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्याची) प्रिंट काढायची, मगच रीराइट. झाल्यावर दोन्ही आकडे ताडून बघायचे. एक जरी व्हाउचर कमी भरलं तर तिथेच थांबायचं. एरर गेली म्हणजे डेटा पूर्ण आला, असं नसतं.

आणि त्याने बॅकअपची गरज संपत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला आली, तेव्हा कुणी रीराइट मारून कॉम्प्युटर कोरडा केला नाही. माझ्या एका अशिलाचा कॉम्प्युटर आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह एकाच टेबलावर होते, दोन्ही पाण्यात गेले. नियम ५७ मधलं "नैसर्गिक कारण" कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगायला नको. एक बॅकअप दुकानात, एक घरी, आणि घरही नदीकाठाला असेल तर एक पाहुण्यांकडे. रोज शटर ओढण्याआधी घ्या, दोन मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडतोय का बघा. त्याच जागी रिस्टोअर करू नका, चालू डेटावर जुना बसेल.

पेनड्राइव्हवर डेटा ठेवून काम करणं? नाही. कंपनी उघडी असताना कुणीतरी तो उपटतोच. पेनड्राइव्ह बॅकअपला ठीक आहे, तेवढंच.

अँटीव्हायरसबद्दल थोडं मान्य करावं लागतं. काही अँटीव्हायरस प्रत्येक व्हाउचरला डेटा फोल्डर तपासत बसतात आणि टॅली रखडते. त्यासाठी त्याच्या सेटिंगमध्ये टॅलीचं फोल्डर वगळायचं. अख्खा अँटीव्हायरस काढायचा नाही, त्याच कॉम्प्युटरवर तुमचं नेटबँकिंग चालतं.

हे वाचताना कुणी आधीच फाइली डिलीट केल्या असतील तर टॅली उघडू नका, काही नवीन टाकू नका, मशिनवर काहीच सेव्ह करू नका, नवं काही लिहिलं की ते डिलीट झालेल्या फाइलींच्या जागेवर बसू शकतं. आधी रिसायकल बिन बघा. तिथे फाइली असतील तर रिस्टोअर करा आणि लगेच अख्ख्या फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. नसतील तर मशिन बंद करा आणि डेटा परत काढणाऱ्या माणसाकडे हार्ड डिस्क न्या. मामांनी त्या दीड तासात विंडोजचं अपडेट सुरू होऊ दिलं होतं.