समान संधी देण्याच्या सोप्या युक्त्या

सरकारी पैशावर चालणाऱ्या एखाद्या संस्थेचे तुम्ही साहेब आहात? मग 'समान संधी' द्यावीच लागणार. घाबरू नका. आमच्या बेळगावात हे काम किती सोपं करून ठेवलंय, ते गेल्याच आठवड्यात बघून आलोय.

आधी फ्लेक्स लावा. मराठीत छापायच्या भानगडीत पडू नका, उगाच कशाला ताप!

महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. दहा माणसं कामाला असली तरी २०१३ चा कायदा सोडत नाही. अध्यक्ष बाईच हवी, म्हणून ज्या मॅडमची धारवाडला बदली झाली त्यांचंच नाव फलकावर राहू द्या.

दिव्यांगांच्या चार टक्के जागा जाहिरातीत छापा. छापायला काय जातंय?

मग त्या कोट्यातल्या उमेदवारांना कागदपत्रं तपासायला बोलवा. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट असावी, पण बंद. माझी मावसबहीण खानापूरहून पहिल्या बसनं आली. २०२३ पासून बायकांना साधी बस फुकट आहे, म्हणजे तुमच्या जिन्यापर्यंत सरकारनंच आणून सोडलं की! एम.कॉम. झालेली, दोन्ही कुबड्यांवर चालणारी. कन्नड माझ्यापेक्षा फर्डं बोलते, त्यामुळं भाषेचं कारण पुढं करायची सोय नव्हती. मी म्हटलं, कागद मी वर नेऊन दाखवतो. तर म्हणे, "उमेदवारानं स्वतः यायला पाहिजे." मग साहेबांना पाच मिनिटं खाली बोलवा? "साहेब बिझी आहेत." शेवटी अटेंडर म्हणाला, चौघं मिळून उचलून नेतो की, आमच्यात माणुसकी आहे. परक्या चार पुरुषांनी तिला उचलायचं, आणि वर तिनंच थँक्यू म्हणायचं! ती एकेक पायरी बसत, सरकत वर गेली. कुबड्या मी धरल्या होत्या. वर पोचल्यावर काय ऐकलं? "इतका उशीर? टाइम संपला."

टाइम संपला म्हणे! दिव्यांग असल्याचा दाखला तपासायला बसला होतात ना तुम्ही? दारात ती घामानं भिजून उभी होती, तो दाखला दिसला नाही?

युक्त्या गेल्या खड्ड्यात. लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम २१ म्हणतं, समान संधीचं धोरण जाहीर करा. कलम २३ म्हणतं, सरकारी आस्थापनेनं तक्रार निवारण अधिकारी नेमा. त्याचं नाव विचारलं, तर तिथं एकमेकांची तोंडं बघायला लागले. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं मिळाली होती, आणि नियम निघाले २०१७ च्या जूनमध्ये. मोजा बोटांवर. लिफ्टला निधी नाही, हे एक वेळ समजू. खाली एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडायला कुठलं टेंडर काढावं लागतं? नाही मांडलंत, कारण ती वर आली काय, न आली काय, तुम्हाला फरक पडत नव्हता.

आता टेबल खाली मांडा, तिला स्वतः फोन करा आणि आधी माफी मागा.