विरळणीला बाया मिळत नाहीत म्हणे

आज तासगावात नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत समोर बसलेले एक बागायतदार काका जिलेबी खात सांगत होते, "लाडकी बहीण सुरू झाली आणि बाया माजल्या. विरळणीला कोण यायला तयार न्हाई." विरळणी म्हणजे द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढून घड मोकळा करायचं काम. आजूबाजूचे माना डोलवत होते. दुसऱ्याचं कार्य, म्हणून मी गप्प जेवले. आता घरी आलेय, आता बोलते.

माझी मामी त्या माजलेल्या बायांतली. जमीन एक गुंठा नाही. मामा हमाली करतात, कंबर धरली की घरी. वर्षानुवर्षं जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, पाण्यात द्राक्षाचे घड बुडवून मामीची बोटं इतकी झिजलीत की पैसे काढायला गेलं तर मशीन अंगठाच घेत नाही. ती पदराला बोट पुसते, परत टेकवते, मग दुसरं बोट. मागून रांगेतले ओरडतात. हा तिचा माज.

पूर्वी जूनमध्ये शाळा सुरू झाली की मामी बागायतदाराकडून उचल घ्यायची. 5 हजार. वह्या, दप्तर, मामांची औषधं. ती फेडायची डिपिंगला, म्हणजे घड बुडवायच्या कामाला, आणि विरळणीला, आणि दर ठरवणार तो. गावात हजेरी 400 चालू असली तरी उचल घेतलेल्या बाईला 300. बोलणार कोणत्या तोंडानं? 2024 च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या तोंडावर, दोन महिन्यांचे मिळून 3 हजार खात्यावर आले. मामीनं आधी किराणावाल्याची उधारी भागवली. त्यानं वहीतल्या नावावर रेघ मारेपर्यंत ती दुकानातून हलली नाही. आणि पुढच्या जूनला उचल घेतलीच नाही.

विरळणीला ती आजही जाते हो! रोज जाते. जो बरी हजेरी देतो त्याच्या बागेत जाते. खरं दुखणं हे आहे.

आणि फुकटाचा हिशेबच काढायचा तर काढूया की. पीएम किसानचे वर्षाला 6 हजार, नमो शेतकरीचे 6 हजार, सातबारावर नाव असलेल्याला. ठिबकला अनुदान. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी वर चढवायला येणाऱ्या वीजबिलातले 81 टक्के सरकार भरतं. 2017 ला कर्जमाफी, 2019 ला परत. तेव्हा कोण माजलं नाही? मामीकडे सातबाराच नाही, त्यामुळे यातलं काहीच तिच्या दारापर्यंत आलं नाही. तिच्या नावावर थेट आलेला सरकारचा पहिला पैसा म्हणजे हे महिन्याचे दीड हजार.

होय, योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, नोकरदार बायकांनीही हात धुवून घेतले आणि निवडणुकीत कबूल केलेल्या महिना 2100 चं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मान्य.

रोजगार हमी ज्यांनी उभी केली ते वि. स. पागे याच तालुक्यातले, विसापूरचे. 1965 ला पहिला प्रयोग इथंच झाला. पागेंनी काम दिलं, फुकट नाही, असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. लिहा. दुष्काळात खडी फोडायला मामीची आई होती, आणि पोट भरायला सावकाराच्या दारात न जाता मजुरी मिळाली हेच ती मरेपर्यंत सांगायची.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या काकांचंही यंदा काही बरं चाललेलं नाही. मे महिन्यापासून पाऊस हटला नाही, कितीतरी बागांत काडीला घडच नाहीत, औषधवाल्याची उधारी डोक्यावर. माणूस कुणावर तरी चिडणारच. पण चिडायला 300 रुपयांची बाईच सापडते, हे मला पटत नाही. औषधवाल्यासमोर कधी आवाज चढलेला ऐकलाय?

मामीला मी विचारलं होतं, दीड हजारात काय होतं गं? म्हणाली, "काय हुतंय... मामास्नी इचारायला लागत न्हाई." गेल्या महिन्यात तिनं चष्मा केला. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारायची, ते बंद झालं.

आता या दीड हजारासाठी ई-केवायसीचं नवं लचांड. नवऱ्याच्या आधारचा ओटीपी पाहिजे, आणि मामांचा आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलाय. गुरुवारी दोघंही हजेरी बुडवून केंद्रावर गेले, तर सर्व्हर बंद. तासगाव किंवा कवठेमहांकाळमध्ये रविवारी चालू असणारं आधार केंद्र कुणाला माहीत असेल तर सांगा. मी स्वतः मामांना गाडीवर बसवून घेऊन जाते.