शांतताभंग, सहावा मजला

मी शांतताभंग केला आहे. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या नोंदीत तरी तसं लिहिलंय. अदखलपात्र गुन्हा, भारतीय न्याय संहिता, कलम ३५२: शांतताभंग घडावा अशा रीतीने केलेला अपमान. रात्री अकराला वरच्या मजल्यावरच्या वहिनी घरघंटी लावतात, ऐन माझ्या उशीच्या वर चकलीची भाजणी दळतात, आणि शांतता मात्र मी भंग केली. का? तर जळमटं काढायच्या दांड्याने मी छत ठोकलं. ठोकलंच. पुन्हा ठोकीन. तक्रारीतलं वाक्य वहिनींच्या अक्षरात असं आहे: ‘खालून वेळीअवेळी आवाज येतो व त्यामुळे मानसिक त्रास होतो.’

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आधीच जाऊन आलो होतो. ते म्हणाले, “त्यांचा मेंटेनन्स वेळेवर येतो हो.” संपला विषय.

तर बीट हवालदारांचा फोन आला, “साहेब, जरा येऊन जा,” आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोरच्या बाकावर जाऊन बसलो. बाकावर आधीच एक आजोबा होते. मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर घरी असल्याचा निवांतपणा.

“कितवं?” त्यांनी विचारलं.

“सहावा मजला,” मी म्हणालो.

“मजला नाही हो, कलम!”

सांगितलं. त्यांनी मान हलवली. “३५२. म्हणजे जुनं ५०४. काही होत नाही. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपाससुद्धा करत नाहीत. पहिल्यांदाच दिसता.”

मग त्यांनी आपली केस उलगडली. त्यांच्या समोरच्या फ्लॅटची बेल आरती म्हणते. बटण दाबलं की पहिल्या कडव्यापासून सुरू, मध्येच थांबत नाही. “दूधवाला आला, आरती. कुरिअरवाला आला, आरती. कचरेवाली आली, आरती. आणि आरती चालू असताना बसून राहवत नाही हो मला! लहानपणापासूनची सवय. दर वेळी सोफ्यावरून उठतो, हात जोडतो, संपेपर्यंत उभा राहतो. गुडघे गेले माझे.”

“मग बेल बदलायला सांगायची.”

“सांगितलं. म्हणाले, देवाचं नाव कानावर पडतंय, तुमचं काय बिघडतं?” आजोबांनी मोबाइल काढून आवाज मोजायच्या ॲपवरचा आकडा मला दाखवला. “बघा, ५२ डेसिबल. आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५! तीन कमी पडले.” आवाजात खरंखुरं दुःख होतं. “तेवढ्यानेही भागत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचा. मर्यादेच्या वर १० डेसिबल गेले तर तक्रार. म्हणजे बेल ६५ची हवी. रात्री दहा ते सहा ४५ वर येतं, पण रात्री मेलं कोणी बेलच वाजवत नाही!”

मी घरघंटीचं काय, विचारलं. त्यांनी फोल्डर चाळलं. नियमांत लाउडस्पीकर आहे, हॉर्न आहे, फटाके आहेत, रात्रीची बांधकामाची यंत्रं आहेत. घरघंटीचं नाव कुठेच नाही. “दिवाणी कोर्टात जा. कोर्टनाका. मनाईहुकूम मागा. वय काय तुमचं?” मी सांगितलं. त्यांनी मनात काही हिशेब केला आणि म्हणाले, “नको जाऊ.”

त्यांचा खरा राग मात्र शेजाऱ्यावर नव्हताच. १ जुलै २०२४ला नवे कायदे आले आणि इतक्या वर्षांची त्यांची पाठांतरं पाण्यात गेली. “सार्वजनिक उपद्रवाचं २९० होतं, त्याचं २९२ केलं. चॅप्टर केसचं, म्हणजे शांतता राखायचा बाँड घेण्याचं, १०७ होतं, ते १२६. दंड तेवढा २००चा १००० झाला. प्रगती म्हणतात ती हीच!”

मला हसू येत होतं, पण पूर्ण आलं नाही. घोडबंदर रोडला राहणारा माणूस काय कमी सोसतो? मेट्रोचं काम सोसलं, दहीहंडीला छातीच्या आत वाजणारे डीजे सोसले, रात्री दोनला उलटं जाणाऱ्या डंपरची टिटी सोसली. तेव्हा कुणाला आपली शांतता आठवली नाही. आणि एक दांडा छताला लागला तर ठाण्यात बोलावणं! झोप मागणारा माणूस भांडखोर, आणि दळणारी बाई कष्टाळू. मोठ्या आवाजाला परवानगी असते, लहान आवाजाला नियम नसतो, आणि मधल्यामध्ये ज्याची झोप उडते त्याने शर्ट इस्त्री करून जायचं.

एवढ्यात वहिनी आल्या. हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले, “शेजारी आहात, मिटवून घ्या. नाहीतर १२६ खाली दोघांकडूनही शांतता राखण्याचा बाँड लिहून घ्यावा लागेल.”

“मी कुठे भांडते?” वहिनी म्हणाल्या. “यांना आवाजाचा एवढाच त्रास असेल तर यांच्या घरी दर महिन्याला दोन किलो भाजणी कशाला लागते?”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. आजोबांनी पाहिलं. पासपोर्टच्या चौकशीसाठी आलेल्या एका पोरानेही पाहिलं. चकल्या मी खाल्ल्या होत्या, चांगल्याही होत्या, पण पीठ कुठून येतं हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. बायको अजूनही म्हणते, “तू विचारलंस कधी?”

शेवटी ‘आपसात समजूत झाली’ अशा कागदावर सह्या झाल्या. समजूत अशी की घरघंटी साडेदहाला बंद. दहाला नाही, साडेदहाला. तो अर्धा तास हवालदारांनी आपल्या अधिकारात वहिनींना बहाल केला. मी विचारलं, “का?” ते म्हणाले, “सणाचे दिवस आहेत, साहेब.” सणाला महिना होता.

निघताना आजोबांनी माझा नंबर घेतला. नव्या कलमांचा तक्ता पाठवतो म्हणाले, आणि पाठवलाही. त्यासोबत आता रोज एक सुविचार येतो, गुलाबाच्या फुलासकट, पहाटे सव्वापाचला, टिंग करून. त्यांना लिहावंसं वाटतं की सहाच्या आधी कायद्याने रात्रच असते. पण ते डेसिबल विचारतील.