मिलरचा प्रयोग कालबाह्य नाही

साध्या वायूंपासून सजीवांचे घटक बनू शकतात हे दाखवणारा स्टॅन्ली मिलरचा प्रयोग आता कालबाह्य झालाय, कारण पृथ्वीच्या आद्य वातावरणात मिथेन-अमोनिया तेवढे नव्हते, असं जीवसृष्टीच्या उगमावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. वातावरणाचा आक्षेप मान्य, पण 'कालबाह्य' हा शब्द मनाला लागला.

१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शिकागोत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ भरलेल्या काचपात्रात ठिणग्या पडत राहिल्या. पहिल्याच दिवशी पाणी गुलाबी झालं, आठवड्याअखेरीस गडद लाल. त्यात ग्लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, सापडलं. कॉलेजात निनहायड्रिन हे रसायन फवारलेल्या कागदावर हळूहळू उमटणारा अमिनो आम्लाचा जांभळा डाग मी पाहिलाय, अजून डोळ्यांसमोर आहे. मिलर २००७ मध्ये गेले. त्यांच्या जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या पुन्हा तपासल्या, तेव्हा ज्वालामुखीसारखी वाफेची धार सोडलेल्या प्रयोगात तब्बल २२ अमिनो आम्लं निघाली! हा निष्कर्ष २००८ चा, त्याचा लेखात उल्लेखच नाही.

खरी अडचण पुढे आहे. दोन अमिनो आम्लं जोडली जाताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो. भोवती सगळं पाणीच असेल तर प्रथिनाची साखळी बनणार कशी? म्हणूनच काही शास्त्रज्ञ वाळणाऱ्या-भिजणाऱ्या डबक्यांकडे वळले. पुढच्या भागात त्यावर सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.