पाडला ना एकदा, आता बस करा

ग्रुपवर वाद घालून घालून थकलो, म्हणून इथंच लिहितो. चीनने मिसाईल मारून स्वतःचा उपग्रह फोडला, रशियाने फोडला, मग आपण अजून दोनचार का नाही फोडायचे म्हणे. अरे भाऊ, आपण फोडलाय ना! 27 मार्च 2019, मिशन शक्ती, स्वतःचाच मायक्रोसॅट-आर, सुमारे 300 किलोमीटरवर. मला तेव्हाही अभिमान वाटला, आजही वाटतो. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात 1967 च्या आधी ज्यांनी अणुबॉम्ब फोडला ते मोठे झाले आणि आपण बाहेर राहिलो, तसं अंतराळात व्हायला नको होतं म्हणून एकदा दाखवणं भागच होतं. झालं दाखवून.

आता कचऱ्याचं पाहा. आपला खाली फोडला म्हणून तुकडे बऱ्यापैकी लवकर जळाले. चीनने 2007 मध्ये आपला फेंगयुन उपग्रह फोडला तो 850 किलोमीटरच्याही वर, मोजता येतील असे 3000 वर तुकडे, त्यातले कितीतरी अजून फिरूनच राहिले. आपला रिसोर्ससॅट-2 कुठं फिरतो? 817 किलोमीटरवर, म्हणजे जवळपास त्याच गल्लीत! असल्याच उपग्रहांच्या फोटोंवरून पिकांचे, पाण्याचे नकाशे बनतात, आपल्या नागपुरातलं एमआरसॅक, म्हणजे राज्याचं उपग्रह-नकाशांचं केंद्र, हेच तर करते. तेव्हा काटोलच्या संत्रावाल्याला अंतराळाचं काय पडलंय, असं कृपा करून म्हणू नका.

आणि 2022 च्या पाडव्याची संध्याकाळ आठवते का? आकाशातून जळत गेलेली ती रांग सगळ्या विदर्भाने पाहिली, अर्धे लोक उल्का म्हणत होते, आणि तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीत माणसापेक्षा मोठी धातूची रिंग येऊन पडली. चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं जाणकारांनी सांगितलं. हे तर कोणी कोणावर काही डागलं नव्हतं तेव्हाचं.

1967 चा अंतराळ करार आहे, पण तो कक्षेत अण्वस्त्रं ठेवू नका म्हणतो, जमिनीवरून मिसाईल मारून उपग्रह उडवण्याबद्दल चूप. डिसेंबर 2022 मध्ये असल्या चाचण्या थांबवायचा ठराव युनोत आला, 155 देश बाजूने, चीन-रशिया विरोधात आणि आपण तटस्थ! इथं माझं डोकं सटकते. नुसती आश्वासनं नकोत, बंधनकारक करार हवा हे आपलं म्हणणं, तसं खोटं नाही. पण तो करार होईल कधी, आणि तोवर वर कचरा कोण वाढवणार?

पोखरणनंतर 1998 मध्ये आपण सीटीबीटीवर, म्हणजे अणुचाचणीबंदी करारावर, सही न करता स्वतःहूनच अणुचाचण्या थांबवल्या. त्याने देश कमजोर झाला का? मग उपग्रह फोडणं थांबवल्याचंही तसंच जाहीर करून टाका ना बावा, कोणाची वाट पाहून राहिले?