नंबर घावला की फिरवा, मालक!

मालक, कोल्हापुरात राजारामपुरीत सोलर बंबाचा गाळा घेतला, बोर्ड लागला, सत्यनारायण झाला. आता गिऱ्हाईक पाहिजे. गिऱ्हाईक म्हणजे शेवटी काय, तर दहा आकडे. ते कुठं घावतात, ते सांगतो.

प्रदर्शनाच्या मांडवात दाराशीच एक खोका असतो. त्याला सोनेरी कागद, वर लिहिलेलं 'लकी ड्रॉ, पहिले बक्षीस मिक्सर'. बायका रांग लावून चिठ्ठीवर नाव, गल्ली, मोबाइल लिहितात. पेन दोऱ्यानं बांधलेलं, तेही धड चालत नाही, तरी गिरवून गिरवून लिहितात. मिक्सर कुणाला लागला हे आजवर ऐकिवात नाही, पण चिठ्ठ्या वाया जात नाहीत. संमती म्हणता? अहो, स्वतःच्या हातानं नंबर लिहिलाय की! मिक्सरसाठी लिहिला, तुमच्या सोलर बंबासाठी नव्हे, असला कीस पाडणारी माणसं पुण्यात राहतात.

आता ट्राय नावाचं, टेलिकॉम कंपन्यांवर लगाम ठेवणारं दिल्लीचं एक प्रस्थ आहे. त्यांचे २०१८ चे नियम सांगतात की आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या नोंदवहीत, धंद्याची नोंदणी करा आणि जाहिरातीचा फोन १४० नं सुरू होणाऱ्या नंबरावरूनच लावा. पण स्क्रीनवर १४० बघून फोन उचलतंय कोण? तुमचा साधा मोबाइल नंबरच बरा. समोरच्याला वाटतं पाव्हण्यांचा असेल, पोरीच्या स्थळाचं काही असेल. तो 'कोण बोलतंय?' म्हणेपर्यंत तुमची निम्मी स्कीम सांगून झालेली असते.

काही जण १९०९ वर कळवून डीएनडीत, म्हणजे 'जाहिरातीचे फोन नकोत' म्हणणाऱ्यांच्या यादीत, नाव घालतात. त्यात कसली जाहिरात नको, कुठल्या वारी नको, किती वाजता नको, हेही निवडता येतं. म्हणजे बघा, माणसाला काहीच नकोय असं नाही, जरा रुसलाय इतकंच. रुसलेल्याची समजूत काढायला फोन नको का करायला?

वेळ मात्र नीट साधा. रविवार, दुपारचा एक. पांढऱ्याची वाटी नुकती तोंडाला लागलीय, उजव्या हाताच्या बोटांवर तांबड्याचा तवंग, आणि फोन वाजतो. बिचारा डाव्या हाताच्या करंगळीनं उचलतो. तेव्हाच विचारायचं, 'सर, दोन मिनिटं बोलू शकतो का?' पुढं तो जे बोलेल ते अस्सल कोल्हापुरी असतं. इथं छापता येत नाही.

तक्रार करील? करू दे. पूर्वी डीएनडीत नाव असल्याशिवाय तक्रारच चालत नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं तेही बदललं. बिननोंदणीच्या नंबराविरुद्ध आता कुणीही ७ दिवसांच्या आत तक्रार करू शकतो, आणि कंपनीनं ५ दिवसांत कारवाई करायची. पूर्वी त्यासाठी ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या, आता १० दिवसांत ५ पुरतात. पण पाच माणसं एका कामासाठी कधी एकत्र येतात होय? फक्त त्या चिठ्ठ्यांतल्या पाच बायका एकाच भिशीतल्या नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

असल्या तर पहिल्या वेळी आउटगोइंग बंद. पंधरा दिवस उसंत मिळते, गाळ्यात निवांत बसा, समोरच्या वडेवाल्याच्या दुकानातली गर्दी मोजा. त्यानं आजवर कुणाला फोन केलेला नाही, पण ते राहू दे. पुन्हा घडलं की तुमच्या नावावरची झाडून सगळी कनेक्शनं वर्षभरासाठी तुटतात, आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या दारात गेलात तरी नवीन मिळत नाही. बँकेचा ओटीपी कुठं येणार, हे बँकेलाच विचारा. जाऊन विचारा, फोन नसणार.

आणि वहिनींचं सिमही तुमच्याच नावावर आहे ना? मग भिशीचा निरोप आता शेजारणीच्या फोनवर येईल, एवढं त्यांना सांगून ठेवा. पाचवी तक्रार कुणी केली, ते मात्र घरात विचारत बसू नका. मिक्सर त्यांनाही पाहिजे होता.